उन्हाळा लवकर तापला की झाडं आणि फुलपाखरं वेळ बदलतात का? घराजवळच नोंद कशी ठेवायची, सगळं सविस्तर

फेब्रुवारी लागला की प्रत्येक ग्रुपवर पळस, पांगारा, काटेसावरीचे फोटो फिरायला लागतात आणि खाली कुणीतरी विचारतंच, यंदा जरा लवकर फुलला का हो? मग कुणी म्हणतं हो, कुणी म्हणतं छे, दरवर्षी असाच फुलतो, आणि दोघंही आठवणीवरून बोलत असतात. याचं खरं उत्तर द्यायचं असेल तर तारखा लागतात, त्याच झाडाच्या, दरवर्षीच्या. त्या तारखा कशा जमवायच्या, त्यासोबत काय काय लिहायचं आणि फुलपाखरं त्यात कुठे बसतात ते सगळं इथे लिहितोय. महागडं काही लागत नाही, वही, पेन, मोबाईल आणि आठवड्यातून एक ठरलेली सकाळ एवढं पुरतं.

आधी हे समजून घ्या, नाहीतर चुकीच्या गोष्टी मोजत बसाल

बाहेरच्या थंड देशांत हिशोब बऱ्यापैकी सरळ आहे. हिवाळ्यात सगळं गोठलेलं असतं, ऊब आली की फुलं येतात, ऊब लवकर आली की फुलं लवकर. जपानमध्ये क्योटोला चेरी कधी बहरली याच्या नोंदी नवव्या शतकापासूनच्या सापडतात, यासुयुकी आओनो या संशोधकांनी जुन्या रोजनिशा आणि दरबारी कागद धुंडाळून त्या एकत्र लावल्या, आणि २०२१ साली तिथला पूर्ण बहर २६ मार्चला आला, बाराशे वर्षांच्या त्या यादीतला सगळ्यात लवकरच्या बहरांपैकी एक. इंग्लंडमध्ये रॉबर्ट मार्शम नावाच्या जमीनदाराने १७३६ मध्ये पहिलं फूल, पहिलं पान, पहिला पक्षी अशा तारखा लिहायला सुरुवात केली आणि त्याच्या घराण्याने हे काम १९५८ पर्यंत चालू ठेवलं. हे सांगायचं कारण म्हणजे दोन्हीकडे ना कुठलं यंत्र होतं ना प्रयोगशाळा, नुसत्या लिहिलेल्या तारखा, आणि आज त्यांना सोन्याचा भाव आहे.

आपल्याकडे मात्र गोष्ट गुंतागुंतीची आहे. आपल्या झाडांना नुसती ऊब पुरत नाही. दिवस किती लांबला, जमिनीत ओल किती उरलीय, पानं कधी गळली, मध्येच अवकाळी झाला का, हे सगळं मिळून ठरतं. पळस पानं झाडून मोकळा होतो आणि मग फुलतो. बहावा एप्रिल-मेमध्ये. करवंद, धायटी, अंजनी, कुडा यांची प्रत्येकाची आपापली तऱ्हा. आणि कासची फुलं तर या हिशोबात येतच नाहीत, ती पावसाची पोरं, ऑगस्ट ते ऑक्टोबरमधली, त्यामुळे "उष्णता वाढली म्हणून कास लवकर फुलणार" असं कुणी म्हणालं तर लगेच मान डोलवू नका.

फुलपाखराचं गणित वेगळं. त्याच्या अंगात स्वतःची ऊब नसते, बाहेर जेवढं गरम तेवढ्या वेगाने अंडं, अळी, कोष हे सगळं पुढे सरकतं. कढीपत्त्यावर किंवा लिंबावर येणारं लाइम बटरफ्लाय घ्या. उबदार दिवसांत अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण महिनाभर लागतो, पण थंडीत तोच कोष आठवडेच्या आठवडे तसाच लटकून राहू शकतो. म्हणजे फेब्रुवारी गरम गेला तर फुलपाखरू बहुतेक लवकर बाहेर येणार. झाड लवकर येईलच असं नाही. इथेच सगळी गोम आहे.

आणि आता या लेखातली माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. आपण सगळे फुलांच्या मागे लागतो, पण आपल्याकडच्या बऱ्याच फुलपाखरांचं घड्याळ फुलाला नाही, कोवळ्या पालवीला बांधलेलं असतं. मोठं फुलपाखरू मध पिण्यासाठी दहा फुलांवर जाईल, एकदांडी तर बारा महिने असतेच, पण नुकती बाहेर आलेली अळी जून झालेलं कडक पान कुरतडू शकत नाही. मादी म्हणूनच शेंड्याची कोवळी पानं शोधत फिरते. त्यामुळे पालवी कधी आली आणि अंडी कधी आली, या दोन तारखांमधलं अंतर हीच खरी नोंद. फुलाची तारीख लिहा, जरूर लिहा, पण त्यावर थांबू नका.

पायरी १: झाडं निवडा, आणि कमी निवडा

तीन ते पाच झाडं पुरेत. वीस झाडं घेतली की तिसऱ्या आठवड्यात कंटाळा येतो आणि सगळंच सुटतं. झाड रोजच्या वाटेवरचं हवं, म्हणजे भाजी आणायला जाताना, मुलांना शाळेत सोडताना दिसेल असं. शहरात सहज मिळणारी आणि फुलपाखरांशी पक्कं नातं असलेली झाडं ही:

करंज. हे माझं सगळ्यात आवडतं, कारण इथे सगळं डोळ्यादेखत होतं. जुनी पानं पडतात, मग तांबूस-गुलाबी छटेची चकचकीत पालवी येते, काही दिवसांत ती पोपटी होते आणि मग गडद. या मधल्या पोपटी दिवसांत कॉमन बँडेड ऑल नावाचं तपकिरी, खाली पांढरा पट्टा असलेलं फुलपाखरू अंडी घालतं, सकाळी लवकर आणि संध्याकाळी ते भिरभिरताना दिसतं. अळ्या पान दुमडून आत राहतात आणि संख्या वाढली तर अख्खं झाड खराट्यासारखं करून टाकतात. लोक घाबरून फवारणी मागवतात, पण झाड मरत नाही, पुन्हा पालवी फुटते. सोसायटीत हे आधीच सांगून ठेवा.

कंपाउंडला रांगेत लावलेला उंच अशोक. यावर टेल्ड जे येतं, काळ्यावर हिरवे ठिपके, एका जागी स्थिर बसणं त्याला माहीतच नाही. सोनचाफा आणि सीताफळावर पण तेच येतं.

बहावा. फुलांसाठी सगळ्यांचं लक्ष असतं, पण फुलं ओसरताना नवी पानं येतात त्यावर कॉमन एमिग्रंट अंडी घालतं. पहिला पाऊस पडला की पिवळट-पांढऱ्या फुलपाखरांची जी झुंबड दिसते त्यात हे असतंच.

कुंडीतला लिंबू किंवा कढीपत्ता. बाल्कनीवाल्यांसाठी हेच उत्तम, लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉरमॉन दोन्ही येतात. फक्त एक लक्षात ठेवा, कुंडीला आपण रोज पाणी घालतो त्यामुळे तिची पालवी हवामानापेक्षा आपल्या पाण्यावर येते. फुलपाखराची तारीख घ्या, पालवीची तारीख वेगळ्या रकान्यात "कुंडी" असं लिहून ठेवा.

रुई. रस्त्याकडेला कुठेही उगवते, बिबळ्या कडवा म्हणजे प्लेन टायगरच्या अळ्या हिच्यावर.

गावाकडे किंवा सह्याद्रीच्या पायथ्याशी असाल तर पळस, पांगारा, काटेसावर, धायटी आणि करवंद यातली दोन तरी घ्या. आणि आंब्यावर बांडगूळ असेल तर त्याकडे पण नजर ठेवा, हळदीकुंकू नावाचं फुलपाखरू, कॉमन जेझेबेल, त्याच्यावरच वाढतं.

काही झाडं टाळाच. एसीची गरम हवा ज्याच्यावर येते ते, रात्रभर हायमास्टचा उजेड पडतो ते, ठिबकवर असलेलं, आणि दरवर्षी पावसाळ्याआधी ज्याची छाटणी होते ते. अशा झाडाची तारीख बदलली तर कारण काय ते कधीच कळणार नाही. आणि खूण म्हणून खिळा ठोकू नका, फोटो आणि मोबाईलवरचं लोकेशन एवढं पुरे.

पायरी २: आठवड्यातून एकदाच, पण ठरलेल्या दिवशी

रविवार सकाळ म्हणा, गुरुवार म्हणा, पण एकच दिवस धरा. डिसेंबरच्या शेवटी सुरू करा, कारण फेब्रुवारीत सुरू केलं तर पळसाची कळी आधीच येऊन गेलेली असते. जूनमध्ये पाऊस लागेपर्यंत चालू ठेवा.

प्रत्येक झाडासाठी पाच गोष्टी: गळणारी पानं, कोवळी पालवी, कळ्या, उमललेली फुलं, शेंगा किंवा फळं. प्रत्येकापुढे फक्त तीनपैकी एक शब्द, "नाही", "थोडं", "भरपूर". एक तृतीयांश फांद्यांपेक्षा कमी असेल तर थोडं, त्याच्यावर भरपूर. यापेक्षा बारीक मोजमाप करायला जाऊ नका, टक्के लिहायला लागलात की दर आठवड्याला स्वतःशीच भांडाल.

"नाही" हे लिहायलाच हवं, यावर मी अडून राहणार. "१२ फेब्रुवारीला फुलं दिसली" एवढंच लिहिलं तर ती ११ ला आली की महिनाभर आधी ते कुणाला कळणार? पण ५ तारखेला "नाही" आणि १२ ला "थोडं" असेल तर सात दिवसांत गाठलं. नुसतं पहिलं फूल धरून बसण्यात आणखी एक धोका आहे, जितके जास्त लोक बघतात, जितकं जास्त फिरतात, तितकं पहिलं फूल लवकर सापडतं, म्हणजे हवामान तेच असलं तरी तारीख मागे सरकते. म्हणून "भरपूर" कधी झालं ती तारीख जास्त भरवशाची.

फोटो दर वेळी एकाच जागेवरून, एकाच दिशेने काढा. पुढच्या वर्षी दोन फोटो शेजारी ठेवले की वहीतल्या शंका लगेच मिटतात.

पायरी ३: अंडी आणि अळ्या शोधणं

हे ऐकायला अवघड वाटतं पण डोळ्याला सवय झाली की मुलंसुद्धा पटापट शोधतात, किंबहुना मुलंच आधी शोधतात कारण त्यांची उंची बरोबर शेंड्याशी येते. लिंबाचा सगळ्यात वरचा कोवळा शेंडा हळूच वळवा आणि पानाच्या दोन्ही बाजू बघा. फिकट पिवळं, राजगिऱ्याच्या दाण्याएवढं गोल अंडं एकेकटं चिकटवलेलं असतं. तीन-चार दिवसांत ते गडद होतं आणि अळी निघते. लहान अळी काळपट-पांढरी, हुबेहूब पक्ष्याची शीट पडल्यासारखी दिसते, म्हणूनच लोकांची नजर तिच्यावरून घसरते. मोठी झाली की एकदम हिरवी होते. तिला बोट लागलं तर डोक्यामागून एक दोन टोकांचं मऊ शिंग बाहेर काढते आणि उग्र वास येतो, घाबरू नका, काही चावत नाही.

लिहायचं काय? किती शेंडे बघितले आणि त्यातल्या किती शेंड्यांवर अंडी किंवा अळी मिळाली. प्रत्येक वेळी दहा शेंडे ठरवून टाका, कमी नाही जास्त नाही. आणि त्याच ओळीत पालवीची अवस्था: लालसर मऊ, पोपटी मऊ, की गडद कडक. पान बोटात दुमडून बघा, न मोडता वळलं तर कोवळं, कडकन तुटलं तर जून.

अळी घरात आणून बरणीत वाढवायचा मोह होतो, समजू शकतो, पण नोंदीच्या अळीला हात लावू नका. घरातलं तापमान वेगळं, तिची तारीख मग तुमच्या हॉलची होते, झाडाची राहत नाही.

पायरी ४: फुलपाखरं मोजायची चाल

इंग्लंडमध्ये १९७६ पासून ठरलेल्या वाटेवरून चालत फुलपाखरं मोजायची योजना चालू आहे, अर्नी पोलार्ड यांनी बसवलेली पद्धत. तीच थोडी बदलून आपल्याकडे चालते. दोन-तीनशे मीटरची एक वाट ठरवा, टेकडी, कॅनॉलचा रस्ता, बागेची कडेची वाट काहीही. सावकाश चालायचं, दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर आणि पुढे पाच मीटर एवढ्याच चौकोनातली फुलपाखरं मोजायची, लांब उडणारं कितीही सुंदर असलं तरी सोडून द्यायचं. नाव ओळखू आलं नाही तर "लहान पिवळं", "लहान निळं" असं लिहा, अंदाजाने नाव ठोकून देऊ नका.

तिकडे ऊन पडेपर्यंत थांबतात, आपल्याकडे उलटं. मार्चनंतर सकाळी साडेआठ ते साडेदहा एवढीच वेळ ठेवा. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिलमध्ये अकरानंतर फुलपाखरं स्वतःच सावलीत जाऊन बसतात, तेव्हा मोजलेलं शून्य हे खरं शून्य नसतं. आणि तुम्हीही त्या उन्हात फिरू नका.

एक छान गोष्ट सोबत करता येते. कॉमन इव्हिनिंग ब्राऊन आणि पीकॉक पॅन्सी या फुलपाखरांची पावसाळी आणि कोरड्या दिवसांतली रूपं वेगवेगळी असतात. पावसाळ्यात पंखाच्या खालच्या बाजूला ठळक डोळे, कोरड्या दिवसांत ते डोळे जवळजवळ गायब आणि पंख सुकलेल्या पानासारखा, कडा पण जास्त टोकदार. पंख मिटून बसलं असताना फोटो काढा आणि तारखेपुढे "डोळेवालं" की "पानासारखं" एवढं लिहा. कोणत्या महिन्यात कुठलं रूप दिसतं याची यादी नुसती चाळायलासुद्धा मजा येते, आणि ऋतू कधी पलटला ते त्यातून समजतं.

पायरी ५: तापमान आणि पाऊस

कमाल-किमान थर्मामीटर घ्या, सावलीत, जमिनीपासून साधारण दीड मीटर उंच, स्लॅब किंवा पत्र्यापासून लांब. हे नाही जमलं तर हवामान खात्याच्या जवळच्या केंद्राचे रोजचे आकडे उतरवून घ्या, पण वर्षभर एकाच केंद्राचे, आज हे उद्या ते नको. किमान तापमान विसरू नका, फेब्रुवारीत दुपारच्या उकाड्याची सगळे तक्रार करतात पण रात्री उबदार राहिल्या तर अळीचं काम चोवीस तास चालू राहतं.

पावसासाठी सरळ बाजूंची काचेची बरणी आणि पट्टी. फेब्रुवारी ते मे मधली प्रत्येक सर लिहा, कारण एका अवकाळी सरीने करंजाला किंवा लिंबाला नवी पालवी फुटू शकते आणि ती उष्णतेच्या नावावर खपते. २०२२ चा मार्च देशात १९०१ पासूनचा सगळ्यात गरम मार्च होता, २०२३ चा फेब्रुवारी दुपारच्या सरासरी तापमानात तेव्हापर्यंतचा सगळ्यात गरम फेब्रुवारी, पण त्याच २०२३ च्या मार्चमध्ये महाराष्ट्रात अवकाळी आणि गारपीट झाली. पावसाचा रकाना रिकामा असेल तर अशा वर्षाचं काय करणार?

आता थोडं गणित, सोपं आहे. रोजचं कमाल आणि किमान मिळवून निम्मं करा, त्यातून १२ वजा करा, जे उरेल ते त्या दिवसाचे "उबेचे गुण". कमाल ३५ च्या वर गेलं तरी ३५ च धरा, कारण फार उष्णतेत अळीची वाढ वेगाने होत नाही, उलट मंदावते. उदाहरण बघा. कमाल ३२, किमान १२, सरासरी २२, गुण १०. दुसऱ्या वर्षी कमाल ३४, किमान २०, सरासरी २७, गुण १५. समजा एखाद्या अळीला पूर्ण व्हायला ३०० गुण लागतात, तर पहिल्या वर्षी ३० दिवस आणि दुसऱ्या वर्षी २०. दुपारचं तापमान फक्त दोन अंशांनी वाढलं, बाकी सगळा फरक रात्रीने पाडला. १२ हा आकडा प्रत्येक जातीला तंतोतंत लागू नाही, पण वर्षांची तुलना करताना दरवर्षी तोच धरला की झालं. १ जानेवारीपासून गुण जमा करत जा आणि पालवी, पहिलं अंडं, पहिलं फुलपाखरू यांच्या तारखेपुढे तोपर्यंतची बेरीज लिहा.

पायरी ६: एकाच वर्षात तुलना करायची असेल तर घाट उतरा

दहा वर्षं थांबायची सगळ्यांची तयारी नसते, त्यांच्यासाठी ही युक्ती. उंची वाढली की तापमान हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. पाचगणी आणि वाई यांच्यात साधारण ६०० मीटरचा फरक, म्हणजे चारेक अंश. एकाच शनिवारी वरून खाली पसरणी घाटाने येताना एकाच जातीचं झाड, पांगारा किंवा काटेसावर, जमेल तिथे थांबून बघा: वर कळ्या, मध्ये फुलं, खाली शेंगा असं काही दिसतंय का? गाडी मात्र वळणावर थांबवू नका. यात एक अडचण आहे, वर पाऊस जास्त, माती वेगळी, धुकं वेगळं, त्यामुळे सगळा फरक तापमानाचाच असं म्हणता येत नाही. तरी अंदाज यायला हे फार उपयोगी, आणि शाळेच्या सहलीला याच्याइतका चांगला प्रकल्प मला सुचत नाही. कोकण आणि देश यांची तुलना मात्र टाळा, समुद्राची हवा सगळा हिशोब बिघडवते.

इंग्लंडला असणाऱ्यांसाठी थोडंसं

तिकडे एप्रिल-मेमध्ये ऑरेंज टिप बघा. नराच्या पंखांची टोकं केशरी असतात. मादी गार्लिक मस्टर्ड किंवा कुक्कूफ्लॉवरच्या फुलोऱ्यावर सहसा एकच अंडं घालते, आधी हिरवट-पांढरं, मग केशरी, त्यामुळे नुसत्या डोळ्याला दिसतं. अळी पानांऐवजी कोवळ्या शेंगा खाते, म्हणजे तिथे घड्याळ फुलालाच बांधलेलं आहे. फुलं आधी येऊन शेंगा जून झाल्या तर अळीला काय मिळणार? वूडलँड ट्रस्टच्या नेचर्स कॅलेंडरवर तुमच्या तारखा देता येतात.

पायरी ७: वर्ष संपल्यावर काय करायचं

जूनमध्ये पाऊस लागला की वही घेऊन बसा. २०२५ सारखं वर्ष असेल, जेव्हा मान्सून २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला होता, तर मेच्या शेवटीच बैठक मारावी लागेल. एका आडव्या पट्टीवर आठवडे टाका, वर पालवीचा रंग भरा, खाली अंडी-अळ्यांचा. दोन्ही पट्ट्या एकमेकींवर किती येतात ते बघा. पूर्ण एकमेकींवर असतील तर झाड आणि फुलपाखरू जोडीने चाललेत. अंड्यांची पट्टी पालवीच्या आधी सरकली तर मादीला शेंडे मिळत नाहीयेत, पालवी आधी सरकली तर अळ्यांना जून पान मिळतंय. एका वर्षावरून काही ठरवू नका, तीन वर्षांनी अंदाज बांधा, आणि "बदलतंय" हे ठामपणे म्हणायला त्याहून बरीच जास्त वर्षं लागतात. मधलं एक वर्ष सुटलं तर ते रिकामंच ठेवा, आठवून भरू नका.

झाडांच्या नोंदी सीझनवॉचवर टाका, २०१० पासून भारतभरचे लोक, विशेषतः शाळा, तिथे दर आठवड्याला एकाच झाडाची नोंद करतात आणि आपली पद्धत त्यांच्या पद्धतीशी जुळते. फुलपाखरांचे फोटो आयनॅचरलिस्टवर किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर, तारीख आणि जागा बरोबर आहे ना ते तपासून. व्हॉट्सॅपवरून आलेल्या फोटोवरची तारीख बहुतेक वेळा फॉरवर्ड झाल्याची असते, ती धरू नका. आणि वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून दुसऱ्या कुणाकडे तरी पाठवून ठेवा, पहिल्या पानावर झाडांची जागा आणि ठरलेला वार लिहा, म्हणजे तुम्ही गावाला गेलात तर शेजारची मुलगी त्याच वारी तेच झाड बघून येऊ शकते.